खांदा दुखतो, मग जोर कसे मारावेत?

संध्याकाळची वेळ होती. तालमीत दिवा लागला होता. पोरे अंगाला तेल लावून जोर मारीत होती. आम्ही साक्षरता वर्गाच्या कामाने त्या गावी गेलो होतो. वर्गाला अजून अवकाश होता, म्हणून तालमीच्या पायरीवर टेकलो.

एक गडी मात्र भिंतीला पाठ लावून गप्प बसला होता. वय तिशीचे. अंगाने धिप्पाड. पण उजवा हात त्याने पोटाशी धरला होता.

वस्तादांनी विचारले, "का रं, आज बसून?"

"वस्ताद, खांदा धरलाय. हात वर नेला की कळ येतीया. त्या कुशीवर झोपताबी येत न्हाई."

"कवापासनं?"

"झाला की महिना."

वस्ताद म्हणाले, "अरं, आता सोडलंस तर खांदा गेला समज. मार जोर. घाम आला की सुटतंय."

शेजारी एक म्हातारे बाबा बसले होते. ते म्हणाले, "जोर कसला मारतोय! पोरा, माझं ऐक. सहा महिनं हात गळ्यात बांध. अजिबात हलवू नगंस."

गडी दोघांच्या तोंडाकडे बघत राहिला. तो दिवसा बाजारात पोती उचलतो. त्याचे घर त्या खांद्यावर चालते. हात गळ्यात बांधला तर चूल कशी पेटायची? आणि जोर रेटले, अन् हात कायमचा गेला तर?

वस्ताद म्हणतात रेटा. बाबा म्हणतात बांधा. खरे कोणाचे? दोघांचेही अर्धे बरोबर आणि अर्धे चूक. कसे, ते आपण या पाठात पाहू.

खांदा कसा बनला आहे?

आधी मांडीचा सांधा पाहा. तो उखळातल्या मुसळासारखा असतो. मांडीच्या हाडाचा गोळा खोल खळग्यात बसलेला असतो. तो सहसा निसटत नाही. पण त्याला हवे तसे फिरताही येत नाही.

खांद्याचे तसे नाही. खांद्याचा खळगा उथळ असतो. पणतीवर मोठे लिंबू ठेवावे, तसा दंडाच्या हाडाचा गोळा त्या खळग्यावर टेकलेला असतो. म्हणून तर हात पुढे, मागे, वर, सगळीकडे फिरतो. आपण गोफण फिरवतो, पोहतो, माळ्यावरचे गाठोडे काढतो, ते यामुळेच.

मग लिंबू पणतीवरून घसरत का नाही? कारण पाठीवरच्या फऱ्यापासून चार लहान स्नायू निघतात. ते गोळ्याला चहूबाजूंनी धरून ठेवतात. तंबूच्या खांबाला चार ताण असावेत, तसे ते चार ताण. छाती आणि दंड हे मोठे स्नायू. ते ओझे उचलतात. पण गोळा जागेवर ठेवण्याचे काम या चार लहान भावांचे.

जोर मारून मोठे स्नायू फुगतात. धाकट्या चौघांकडे कोणी पाहत नाही. मग एके दिवशी काम एकदम वाढते, आणि ताण दुखावतो.

आमच्या गड्याचे तसेच झाले होते. जत्रेची कुस्ती जवळ आली. त्याने जोर दुप्पट केले. जड मुद्गल फिरवायला घेतले. दिवसा पोती होतीच. बैलावर एकाएकी दुप्पट ओझे घातले, तर बैल बसतो. खांद्याचेही तसेच आहे.

रेटू नका, बांधूही नका

दुसऱ्या दिवशी आम्ही, वस्ताद आणि तो गडी, असे तिघे तालुक्याच्या दवाखान्यात गेलो. डॉक्टरांनी हात हलवून पाहिला. हाड शाबूत होते. मग त्यांनी आम्हाला फिजिओथेरपी करणाऱ्या बाईंकडे पाठवले. फिजिओथेरपी म्हणजे व्यायामाने करायचा उपचार.

वस्तादांनी पहिलाच प्रश्न टाकला, "बाई, जोर बंद का?"

बाई हसून म्हणाल्या, "बंद नाहीत वस्ताद. बदलायचे."

त्यांनी समजावून सांगितले ते असे. दुखरा खांदा रेटला, तर ताण आणखी चिडतो. पण खांदा महिनोन् महिने बांधून ठेवला, तर स्नायू वाळतात आणि सांधा आखडतो. म्हणून ओझे आधी कमी करायचे. खांदा सोशील इतकेच काम त्याला द्यायचे. मग ते हळूहळू वाढवायचे. असे केले की ताण पुन्हा बळकट होतो.

गडी म्हणाला, "बाई, रोज इथं यायला जमणार न्हाई. एक दिवस आलो की मजुरी बुडती."

बाई म्हणाल्या, "रोज यायची गरज नाही. नीट शिकून घ्या आणि घरी करा."

हे त्यांनी उगीच सांगितले नाही. ब्रिटनमध्ये डॉक्टरांनी अशी एक मोठी पाहणी केली. ती २०२१ साली छापून आली. तिच्यात खांदा दुखणारी ७०८ माणसे होती. काहींना तज्ज्ञाने एकदाच नीट सल्ला दिला, व्यायाम शिकवला आणि घरी करायला सांगितले. काहींना सहा वेळांपर्यंत बोलावले. वर्षभर पाहिले, तर दोन्हींत फारसा फरक पडला नाही. म्हणजे नेमाने केले, तर घरचा व्यायामही कामी येतो.

आधी हे तपासा

पण प्रत्येक खांदेदुखी व्यायामाची नसते. पुढच्यापैकी काही असेल, तर व्यायाम करू नका. आधी डॉक्टरांना दाखवा.

१. पडल्यावर किंवा मार लागल्यावर हात उचलतच नाही, किंवा खांद्याचा आकार बदललेला दिसतो.

२. ताप आहे. खांदा सुजला आहे, लाल आणि गरम लागतो.

३. हाताला मुंग्या येतात. हात बधिर होतो. मुठीतली ताकद गेली आहे.

४. रात्रंदिवस ठणका आहे, आणि काही कारण नसताना वजन घटते आहे.

५. छातीत दाब येतो, घाम फुटतो, दम लागतो, आणि कळ खांद्यात किंवा हातात उतरते. हे दुखणे खांद्याचे नसून हृदयाचे असू शकते. इथे तेल चोळीत बसू नका. लगेच १०८ नंबरला फोन करून गाडी बोलवा.

आणखी एक दुखणे आहे. चाळिशी ते साठीच्या वयात काहींचा खांदा हळूहळू आखडतो. हात आपल्याला वर नेता येत नाही, आणि दुसऱ्याने उचलला तरी जात नाही. मधुमेह असलेल्यांना हे जास्त होते. याला कित्येक महिने, कधी वर्षाहून अधिक काळ लागतो. असा हात हिसक्याने ओढून मोकळा करू नका. डॉक्टरांना दाखवा आणि साखर तपासून घ्या.

खांद्यावर डाग देणे, हात ओढून 'बसवणे', दुकानातून गोळ्या आणून महिनोन् महिने खाणे, हेही टाळा. दुखण्याच्या गोळ्या फार दिवस घेतल्या, तर पोटाला आणि मूत्रपिंडाला अपाय होतो.

दुखणे मोजायचे कसे?

"सोशील इतकेच काम द्यायचं म्हणता," वस्ताद म्हणाले, "पण खांदा काय बोलतोय व्हय?"

खांदा बोलतो. आपल्याला त्याची भाषा समजली पाहिजे. त्यासाठी आम्ही एक सोपे माप ठरवले. आणे १९५७ साली नव्या पैशांबरोबर मागे पडले. पण 'सोळा आणे खरे' असे आपण अजून म्हणतो. तेच माप घेऊ.

मुळीच दुखत नाही, म्हणजे शून्य आणे. अजिबात सोसवत नाही, म्हणजे सोळा आणे.

व्यायाम करताना दुखणे चार आण्यांपर्यंत असेल, तर चालेल. भिऊ नका.

पाच ते आठ आणे झाले, तर ओझे कमी करा.

आठ आण्यांच्या वर गेले, तर त्या दिवशी तो व्यायाम सोडा.

आणि सर्वांत मोठी कसोटी दुसऱ्या दिवशी सकाळची. सकाळी खांदा कालच्यासारखा किंवा बरा असेल, तर कालचे काम बरोबर होते. खांदा कालच्याहून जास्त ठणकत असेल, तर काल जास्त झाले. एक दिवस थांबा आणि कमी करा.

व्यायामात काय बदलावे?

पहिला बदल: जोर उभ्याने मारा.

जमिनीवरच्या जोरात अंगाचे पुष्कळ ओझे हातांवर येते. भिंतीपाशी उभे राहून जोर मारले, तर ते फार थोडे येते. म्हणून सुरुवात भिंतीवर करा. तळवे खांद्याइतक्या अंतरावर ठेवा. कोपरे बाहेर फाकवू नका, बरगड्यांकडे झुकती ठेवा. दुखणे वाढेल तिथपर्यंत खाली जाऊ नका. त्याच्या अलीकडून परत या. दहा जोर, मग विसावा, असे तीन वेळा. दोन आठवडे हे चार आण्यांच्या आत जमले, की ओट्यावर हात ठेवून मारा. मग बाकड्यावर. मग जमिनीवर. चार पायऱ्या आहेत. एकही पायरी गाळू नका.

दुसरा बदल: मुद्गल खाली ठेवा.

पहारीचे टोक लांब असले, की थोड्या जोरानेही मोठा धोंडा हलतो. मुद्गलाचेही तसेच. हात लांब करून धरलेले ओझे खांद्याला कितीतरी पट जड लागते. शिवाय मुद्गल डोक्यामागून फिरतो. तिथेच दुखऱ्या खांद्याला कळ येते. म्हणून सहा आठवडे मुद्गल नको. पुढे घ्याल तेव्हा सर्वांत हलका घ्या. आधी नुसता समोर धरा, मग फिरवा.

तिसरा बदल: ढकलता तितके ओढा.

जोरात आपण जमीन ढकलतो. ओढण्याचा व्यायाम त्या मानाने थोडा होतो. त्यामुळे छाती बळकट आणि पाठ कमजोर राहते. यासाठी पाच लिटरचा पाण्याचा डबा घ्या. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो वजन. डब्यात दोन लिटर पाणी भरा. डावा हात बाकड्यावर टेकून पुढे वाका. उजव्या हाताने डबा सरळ वर, बरगडीपर्यंत ओढा. मग सावकाश खाली सोडा. दहा वेळा करा. सोसले, तर पुढच्या आठवड्यात थोडे पाणी वाढवा. विकत काही आणायला नको.

चौथा बदल: धाकट्या चौघांना काम द्या.

सायकलची जुनी ट्यूब घ्या. ती चिरलेली नाही ना, ते पाहा. दाराच्या चौकटीला किंवा खांबाला पक्की बांधा. दुखरा हात खांबापासून लांबच्या बाजूला येईल, असे कडेने उभे राहा. कोपर काटकोनात वाकवून बरगडीला टेकवा. मध्ये पंचाची घडी ठेवा. पंचा पडू द्यायचा नाही. आता ट्यूब धरून, दार उघडावे तसा पुढचा हात बाहेर न्या. मग हळूच आत आणा. दहा ते पंधरा वेळा. हे काम दिसायला पोरखेळ आहे. पण खांद्याचे ताण याने घट्ट होतात.

पाचवा बदल: एक दिवस काम, एक दिवस विसावा.

खांद्याचा व्यायाम एक दिवसाआड करा. बैठका, पळणे, चालणे रोज चालू ठेवा. खांदा दुखतो म्हणून पायांना सुट्टी कशाला?

हे केवळ पैलवानांसाठी नाही. पाणी शेंदणाऱ्या, धुणे आपटणाऱ्या, डोक्यावर भारे वाहणाऱ्या आयाबहिणींचेही खांदे दुखतात. भिंतीवरचे जोर, पाण्याचा डबा आणि सायकलची ट्यूब त्यांनाही चालते. साडीचा पदर खोचला की झाले.

कामावरही बदल हवा

सकाळी व्यायाम जपून केला, आणि दुपारी पन्नास किलोचे पोते हिसक्याने खांद्यावर टाकले, तर काय उपयोग? गड्याने मुकादमाला सांगून काही आठवडे हातगाडीचे काम मागून घेतले. पोते उचलायचेच झाले, तर दोघांनी मिळून आणि अंगाला लावून उचलायचे, असे ठरवले.

मजुरी थोडी कमी पडली. ते त्या घराने सोसले. त्याची बायको आम्हाला म्हणाली, "दोन-तीन महिनं कमी खाऊ. पर हात गेला तर जलमभर काय खायाचं?" या बाईला सारा पाठ एका वाक्यात समजला होता.

वही उपयोगी पडली

हा गडी आमच्या वर्गात नुकताच लिहायला शिकला होता. बाईंनी त्याला सांगितले, "रोजचे लिहून ठेवा. डोक्यात राहत नाही." त्याने एक वही केली. तिचे पहिले पान असे होते:

सोमवार. भिंतीवर जोर १०, तीन वेळा. दुखणे ४ आणे. सकाळी ३ आणे.

बुधवार. जोर १०, तीन वेळा. डबा २ लिटर, १० वेळा. दुखणे ४ आणे. सकाळी ३ आणे.

शुक्रवार. जोर २०, तीन वेळा. डबा ४ लिटर. दुखणे ९ आणे. सकाळी ८ आणे. चुकलो.

शुक्रवारी त्याला वाटले, आता बरे आहे, वाढवू या. दोन्ही एकदम दुप्पट केले. सकाळी खांदा ठणकला. तो घाबरून म्हणाला, "समदं वाया गेलं!" वस्तादांनी वही मागितली. त्यांना स्वतःला वाचता येत नव्हते. त्यांनी त्याच्याकडूनच वाचून घेतली आणि म्हणाले, "वाया कशानं? बुधवारी बरा हुतास. बुधवारवर परत जा."

वही नसती, तर नेमके कुठे परत जायचे हे कसे कळले असते?

त्या वर्षी जत्रेत त्याने कुस्ती धरली नाही. फडाच्या कडेला बसून तो दुसऱ्यांच्या कुस्त्या पाहत होता. त्याच्या जिवाला ते लागले. पण तो उठला नाही. त्याच वेळी तो भिंतीवरून ओट्यावर आला होता. एका कुस्तीसाठी दोन महिन्यांची कमाई त्याला घालवायची नव्हती.

बारा आठवड्यांनी आम्ही पुन्हा गेलो. गडी जमिनीवर जोर मारीत होता. पूर्वी शंभर मारायचा, आता तीसच. पण एकाही जोराला तोंड वाकडे होत नव्हते. "दुखणं किती?" आम्ही विचारले. "आणाभर," तो म्हणाला. पोत्यांचे काम त्याने पुन्हा धरले होते.

वस्तादांच्या शेजारी आणखी एक पोर उभे होते. त्याचा खांदा नुकताच धरला होता. वस्तादांनी त्याला 'मार जोर' म्हटले नाही. त्यांनी भिंतीकडे बोट दाखवले आणि विचारले, "वही आणलीस का?"

आम्ही वर्गाकडे निघालो. जाता जाता वस्तादांनी हाक मारली, "गुरुजी, मलाबी वर्गात घ्या. पोरांच्या वह्या मला वाचायच्या हाईत."

लक्षात ठेवा

दुखरा खांदा रेटू नका आणि बांधूनही ठेवू नका.

ओझे कमी करा, मग थोडे थोडे वाढवा. एका वेळी एकच गोष्ट वाढवा.

दुखणे चार आण्यांच्या आत ठेवा. दुसऱ्या दिवशीची सकाळ काय सांगते ते पाहा.

धोक्याची खूण दिसली, तर व्यायाम नको, आधी दवाखाना.

गुण यायला दोन-तीन महिने लागतात. तितक्यातही गुण आला नाही, तर पुन्हा दाखवा.

उत्तरे वहीत लिहा

१. खांद्याला पणतीवरच्या लिंबाची उपमा का दिली आहे?

२. जोराच्या चार पायऱ्या कोणत्या?

३. छातीत दाब आणि हातात कळ आली, तर काय कराल?

४. शुक्रवारी गड्याचे काय चुकले?

५. तुमच्या घरात कोणाचा खांदा दुखतो का? त्यांना हा पाठ वाचून दाखवा.